पाय तुमचा, ब्रेक माझा

मी एक मोटारगाडी बोलतेय. चार दारांची, राखाडी रंगाची, बॉनेटच्या डाव्या कोपऱ्यावर एक पोचा असलेली. पोचा कशाचा ते पुढे सांगणारच आहे. आधी एवढं ऐकून घ्या, की मी जन्मले तेव्हा स्वभावाने शांत होते. मला चिडकं केलं ते माणसांनी. वर्षानुवर्षं यांना पोटात घेऊन फिरायचं, यांची भांडणं, यांची गाणी, यांचे फोन सगळं ऐकायचं, आणि 'अहो, समोर बघा' एवढंसुद्धा आपल्याला म्हणता येऊ नये, म्हणजे जिवाची काय तगमग होते, ते एकदा गाडी होऊन बघा.

हॉर्न? तो माझा आवाज आहे असं तुम्हाला वाटतं होय! तो तुमचाच आवाज. तुम्ही दाबल्याशिवाय मला साधं खोकतासुद्धा येत नाही.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. पत्रा आला, ठोकला गेला, रंगला, काचा बसल्या, चाकं लागली. तिथली एक गोष्ट मी विसरू शकत नाही. माझ्यासारख्याच एका बहिणीला त्यांनी वेगाने नेऊन भिंतीवर आदळलं. मुद्दाम! तिच्यात माणसाच्या आकाराचे, माणसाच्या वजनाचे पुतळे बसवले होते. ती कुठे चेपली, पुतळ्यांना कुठे लागलं, हे सगळं नीट पाहून मग आम्हा बाकीच्यांना मजबूत केलं. बिचारीने जीव दिला आमच्यासाठी. त्या पुतळ्यांची मला पुढे फार आठवण आली. पट्टा लावून बसायचे, समोर बघायचे, हातात काही नसायचं. इतके शहाणे प्रवासी मला पुढे आयुष्यात मिळाले नाहीत.

मग मी दुकानात आले. चकचकीत फरशीवर उभी. येणारा प्रत्येक जण विचारायचा, स्पीकर किती आहेत? पाण्याची बाटली कुठे ठेवायची? फोन कुठे अडकवायचा? ब्रेक कसे आहेत, हे एका बाईने विचारलं, तर तिचा नवरा म्हणाला, "असतात गं सगळ्या गाड्यांना." असतात! जसं काही मी ते दागिना म्हणून घातलेत.

मला घरी नेलं ते एका चष्म्याच्या दुकानदाराने. सगळे त्यांना चष्मेवाले म्हणायचे, मी बाबा म्हणते, कारण माझ्यात बसणारी पोरं त्यांना बाबा म्हणतात. माणूस गोड. दुकानात आलेल्याला खुर्चीत बसवायचं, 'आता खालची ओळ वाचा, घाई नको' असं प्रेमाने सांगायचं, आणि त्याच्या नजरेत कुठे काय कमी आहे ते अचूक शोधायचं, यात त्यांचा हातखंडा. दिवसभर दुसऱ्यांची नजर सुधारणारा हा माणूस संध्याकाळी माझ्यात बसला, की स्वतःची नजर सगळीकडे न्यायचा. खिडकीकडे, दुकानांच्या पाट्यांकडे, फोनकडे. फक्त रस्ता सोडून.

पट्टा लावला नाही की मी पिंपिं करते. तेवढंच काय ते मला बोलता येतं. तर या गृहस्थांनी पहिल्याच आठवड्यात काय करावं? पट्टा सीटच्या मागून घेऊन खटक्यात अडकवला आणि पुढे त्यावर पाठ टेकून बसले. मी गप्प. म्हणजे माझ्या तोंडात बोळाच कोंबला म्हणा ना! वर खुशीत म्हणाले, "बघा, कशी शांत झाली."

आणि फोन आला की, "हं, बोला बोला. गाडीत आहे, पण बोला."

मला सांगा, 'गाडीत आहे' याच्यापुढे 'पण' येतोच कसा?

आई शेजारी बसायची. ती शाळेत ग्रंथपाल. वाचनालयात राहून तिचा आवाज इतका हळू झालेला, की रागावली तरी कुजबुजल्यासारखी वाटायची. "अहो, समोर बघा." "बघतोय गं." "अहो, सायकल." "दिसली गं मला." अशी त्यांची रोजची जपमाळ. ती स्वतः गाडी कधी शिकली नाही. म्हणायची, "यांच्या शेजारी बसून माझी हौस फिटली."

मागे दोन मुली. थोरलीला घरात सगळे मोठी म्हणायचे, आणि धाकटी खारू. पुढचे दोन दात खारीसारखे, आणि हाती आलेला खाऊ कुठेतरी लपवून ठेवायची सवय, म्हणून खारू. माझ्या सीटच्या फटीत तिने लपवलेले शेंगदाणे अजून सापडतात. या दोघी मागे बसून सगळं बघायच्या. बाबांचा एक हात स्टिअरिंगवर, दुसऱ्यात फोन. सिग्नलला फोन, वळणावर फोन. मुलं ऐकत नाहीत अशी तुम्हा लोकांची तक्रार असते. अहो, ऐकत नसतील, पण बघत असतात ना!

मोठी अठराची झाली आणि गाडी शिकायला गेली. तिच्या शिकवणीच्या बाई कडक. "आधी आरसा, मग इंडिकेटर, मग वळण. आणि फोन डिकीत!" मोठीने सगळं पाठ केलं, परीक्षा पास झाली, लायसन्स मिळालं. घरभर पेढ्यांऐवजी तिच्या उड्या. पहिले काही दिवस मला वाटलं, देव पावला. पोर दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून, नाक काचेला लागेल इतकी पुढे वाकून, बैलगाडीच्या वेगाने मला चालवायची. मागचे हॉर्न वाजवायचे. मी मनात म्हणायचे, वाजवू दे, तू चाल माझी बाई.

पण भीती चेपली. मैत्रिणी बसायला लागल्या. गाणी अशी लावायच्या, की माझी दारं थरथरायची. एक म्हणायची, "अगं, पळव ना!" दुसरी मागून मोठीचे डोळे झाकायची, गंमत म्हणून! मी घामाघूम झाले असते, पण गाडीला घाम कुठला, पाणी गळलं तरी मेकॅनिककडे नेतात. हळूहळू मोठीचा एक हात स्टिअरिंगवरून खाली आला. मग त्या हातात फोन आला. बसण्याची ढब बघितली आणि मला धस्स झालं. हुबेहूब बाबा! शिकवणीतल्या बाई कुठल्या कुठे गेल्या.

त्या दुपारी ती खारूला पोहण्याच्या तलावावरून घरी आणत होती. खारू शेजारच्या सीटवर, ओले केस, मांडीवर टॉवेल, पट्टा लावलेला. फोन गिअरच्या पुढच्या खाचेत ठेवलेला. टिंग वाजला. मोठीने नजर टाकली. पुन्हा टिंग. तिने उचलला.

"ताई, नको ना बघूस," खारू म्हणाली.

"एक सेकंद गं. आमच्या ग्रुपमध्ये ठरतंय काहीतरी."

आमच्या गल्लीचं तोंड आलं होतं. वेग फार नव्हता, हेही खरं सांगते. कोपऱ्यावरून टेलरकाका सायकल घेऊन निघाले होते. आमच्या घरासमोरच त्यांचं शिवणाचं दुकान. सायकलच्या मागे शिवून, इस्त्री करून, कापडात बांधलेला कपड्यांचा गठ्ठा. त्यांनी हात दाखवला होता, वळतोय म्हणून. मला ते ढळढळीत दिसत होते. माझे दिवे, माझी काच, माझं सगळं तोंडच त्यांच्याकडे होतं. ब्रेक शाबूत होते, टायर नवे होते. फक्त पाय हवा होता. आणि पाय माझा नाही हो! पाय तुमचा!

"ताईऽऽ!" खारू किंचाळली.

पाय पडला, पण उशिरा. माझ्या चाकांनी जीव खाऊन रस्ता धरला. तरी माझा डावा कोपरा सायकलच्या मागच्या चाकाला लागलाच; तो पोचा तिथला. काका उडून उजव्या हातावर पडले. गठ्ठा सुटला, शर्ट रस्ताभर पसरले. तो आवाज मोठा नव्हता. फळी मोडावी तसा.

मोठी उतरली नाही. तिचे दोन्ही हात स्टिअरिंगला चिकटले होते. खारूच पट्टा सोडून धावली, ओल्या केसांनी रस्त्यावर बसली आणि "काका, काका" करत तिने टॉवेल त्यांच्या डोक्याखाली घातला. फोन माझ्या पायपुसण्यावर पडला होता, उजेड लागलेला. निरोप काय होता माहिताय? कॉलेजच्या संमेलनाला सगळ्यांनी कोणत्या रंगाचं घालायचं. 'निळा की हिरवा?' एवढंच. यासाठी!

माणसं जमली, काकांना दवाखान्यात नेलं, पोलीस आले. मोठीने काही लपवलं नाही. "मी फोन बघत होते," एवढंच सांगितलं. तिचं लायसन्स काढून घेतलं गेलं, बराच काळ परत मिळणार नव्हतं. काकांचं मनगट मोडलं होतं, बोटांच्या नसा दुखावल्या होत्या. कात्री धरायचा हात.

त्या दिवशी दवाखान्यातून परत येताना बाबा मला चालवत होते. मग बाबाच बोलले, पोरीला धीर द्यावा म्हणून असेल. "चूक एकट्या हिची नाहीये. भर वळणावर सायकल मध्ये घालतात का कोणी? मागे एवढा गठ्ठा! तोल जाणारच."

आणि तेवढ्यात, तुमचा विश्वास बसणार नाही, पण त्यांचा फोन वाजला, आणि त्यांनी तो उचलला! "हं, बोला. नाही, जरा गडबड झालीये घरी. गाडीत आहे, पण बोला."

"बाबा, फोन ठेवा," मागून खारू म्हणाली.

"थांब गं."

"ठेवा!" ती इतक्या जोरात ओरडली, की माझ्या काचा झणाणल्या. "काकांनी हात दाखवला होता. मी बघितलं. ताईने नाही बघितलं, कारण ती तुमच्यासारखी चालवत होती."

बाबांनी फोन ठेवला. मला बाजूला घेऊन उभं केलं. आई काचेतून बाहेर बघत होती. मोठी रडत नव्हती, ते जास्त वाईट होतं.

मला वाटलं, आता तरी. आता तरी हा माणूस सुधारेल. आणि सुधारले हो, अगदी आदर्श झाले. मागे अडकवलेला पट्टा काढून छातीवरून घेतला. फोन बंद करून आईच्या पर्समध्ये. आई दोनदा माझ्या डॅशबोर्डला हात लावून पुटपुटली, "कोणाची दृष्ट न लागो." लागली! हळूहळू फोन पर्समधून खिशात आला, खिशातून खाचेत आला. पट्टा पुन्हा मागे गेला. कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं होतं म्हणायचं, दुसरं काय.

बदलली ती मोठी.

टेलरकाका हाताला प्लॅस्टर घालून दुकानात येऊन बसायला लागले. मी घरासमोर उभी असते, रस्त्यापलीकडे त्यांचं दुकान, दार सताड उघडं, त्यामुळे मला सगळं दिसायचं आणि बरंचसं ऐकूही यायचं. मोठी पहिल्यांदा गेली तेव्हा उंबऱ्यातच उभी राहिली.

"काका, सॉरी."

काकांनी डाव्या हाताने मशिनवरची धूळ पुसली. "सॉरीने काज होतं का?"

"नाही."

"मग? ते शर्ट बघ. काजं राहिलीयेत सगळी, बटणं राहिलीयेत. गिऱ्हाईक दारात येऊन जातंय. सुई धरता येते?"

"नाही."

"बस इथे. शिकवतो. आणि हातात फोन दिसला तर कात्रीला चव कळेल त्याची."

ती बसली. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेली, तिसऱ्या दिवशीही. कॉलेज सुटलं की थेट काकांच्या दुकानात. बोटं टोचून टोचून चाळण झाली. काकांनी तिचं पहिलं काज बघून विचारलं, "हे उंदराने केलं का?" उसवायला लावलं, पुन्हा करायला लावलं, पुन्हा उसवायला लावलं. मैत्रिणी बोलवायला यायच्या, ही मान वर करायची नाही. संमेलन होऊन गेलं. त्या दिवशी कोणी निळं घातलं की हिरवं, तिला ठाऊकही नाही.

एकदा तिने धीर करून विचारलं, "काका, तुमचा राग गेला का?"

"छे," काका म्हणाले. "रोज सकाळी डाव्या हाताने दाढी करताना गालाला कापतं, तेव्हा पहिली तुझी आठवण येते. चांगला शिव्या देतो. पण रागावून गिऱ्हाइकाचे कपडे होत नाहीत ना. दोरा घे. पांढरा नाही, तो दुधी."

प्लॅस्टर निघालं. मनगट जुळलं, पण दोन बोटं पूर्ण मिटेनात. कापायची जड कात्री त्यांना आता धरवत नाही. कापण्याचं काम ते दुसऱ्या एका कारागिराकडे पाठवतात, आणि कापड गेलं की त्याच्या मागे बघत राहतात. मला हे दिसतं. दाखवून कोणाला दाखवू?

आता मामाच्या घरची गोष्ट. मामा म्हणजे आईचा भाऊ. त्याने गावाबाहेर तळ्याकाठी घर बांधलं, आणि एका सुट्टीच्या दुपारी सगळ्यांना जेवायला बोलावलं. मी अंगणात उभी, शेजारी मामाच्या कोंबड्या, एक तर माझ्या टपावर चढून बसलेली. आत हसणं-खिदळणं. ग्लासांचा किणकिणाट. एक झाला, "अहो भाऊजी, घर काय रोज बांधतो का आम्ही?" म्हणून दुसरा झाला. त्यापुढचं मी ऐकणंच सोडून दिलं.

ऊन उतरायला लागलं तशी मंडळी बाहेर आली. बाबांचा चेहरा लाल, चष्मा नाकावर घसरलेला, पाय जरा जास्तच काळजीने टाकत होते. खिसे चाचपत म्हणाले, "किल्ली कुठे गेली?"

"माझ्याकडे आहे," मोठी म्हणाली. ती माझ्या बॉनेटला टेकून उभी होती.

"दे इकडे."

"नाही देत."

"अगं, काय पोरखेळ आहे? मी काय झिंगलोय? हे बघ, सरळ चालून दाखवतो." आणि ते सरळ चालून गेले, ते थेट मामीच्या कुंडीवर. कुंडी आडवी झाली, कोंबड्या पळाल्या. "कुंडी मध्ये कोणी ठेवली ही?"

मामा हसला. "काही होत नाही गं. तुझे बाबा काय आज चालवतायत का? डोळे मिटून नेतील."

डोळे मिटून! आणि ही म्हणे तारीफ. तुम्ही लोक ज्या गोष्टीची वाखाणणी करता ना, ती ऐकून माझ्या टाकीतलं पेट्रोल थिजतं.

"किल्ली दे त्यांना," मामा आता जरा आवाज चढवून म्हणाला. "मोठ्यांचा मान ठेवावा."

"ठेवलाय, मामा. म्हणूनच देत नाही."

बाबा तिच्यासमोर येऊन उभे राहिले. चारचौघांत, पाहुण्यांत पोरगी नाही म्हणतेय, हे त्यांना झोंबलं होतं. आणि मग ते जे बोलले, ते शुद्धीत असते तर त्यांच्या तोंडून कधी निघालं नसतं. म्हणाले, "तू? तू मला शिकवणार? जिने भर दिवसा माणूस उडवला, ती?"

मामी आत निघून गेली. आई हातातली पिशवी तशीच धरून उभी. मोठीचा हात माझ्या पोच्यावर होता.

"हो, मीच," ती म्हणाली. "कारण तो आवाज कसा येतो, ते मला माहितीये, बाबा. तुम्हाला नाही माहीत. मला तो रोज ऐकू येतो. काकांच्या दुकानात बसले की ऐकू येतो. तुम्हाला नको ऐकू यायला. मला मारा, काहीही करा. किल्ली नाही देणार."

बाबांचा हात वर गेला होता. तो कशासाठी गेला, ते त्यांनाही कळलं नसावं. तो तसाच खाली आला, आणि त्यांनी माझ्या टायरला लाथ घातली. घाला! राग आला की टायर, आनंद झाला की हॉर्न. आम्ही आहोतच.

तेव्हा आई बोलली. तिच्या त्याच वाचनालयातल्या आवाजात. "खारू, चप्पल घाल. मोठी, चल. फाट्यावर बस मिळते."

"अगं, बसने?" मामा म्हणाला. "दारात गाडी असून?"

"हो," आई म्हणाली. "गाडी कुठे पळून जात नाही." आणि ती चालायला लागली. मागून दोघी मुली. बाबांनी माझ्याकडे, मग रस्त्याकडे बघितलं. मामाने राहायचा आग्रह केला, पण त्यांनाही आता तिथे तोंड दाखवायची लाज वाटत असावी. चष्मा सावरला आणि त्या तिघींच्या मागे, थोडं अंतर ठेवून, निघाले.

मी एकटी राहिले. टपावर कोंबड्या, अंगावर धूळ. आणि सांगू? मला माझ्या मालकांनी आजवर पॉलिश केलंय, धुतलंय, हार घातलाय. पण त्या दिवशी मला तिथे सोडून ती माणसं पायी गेली, त्याइतकं मला कधीच बरं वाटलं नाही.

मामा मात्र रुसला तो रुसलाच. पोरीने आपल्या घरात येऊन आपल्या पाहुण्याचा अपमान केला, असं त्याचं म्हणणं. अजूनही फोनवर फक्त आईशी बोलतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोठीकडची किल्ली घेऊन बाबा एकटेच बसने आले. मामाला हाक न मारता थेट माझ्यात बसले. इंजिन चालू केलं नाही. पाठीमागचा पट्टा ओढून काढला, त्याचा पीळ सोडवला, तो मांडीवर घेऊन बघत बसले. मग म्हणाले, मला की स्वतःला कोण जाणे, "काय बोललो मी तिला." आणि स्टिअरिंगवर डोकं टेकलं. ते नेमकं हॉर्नवर. मी असा काही आवाज केला, की सगळ्या कोंबड्या फडफडत कुंपणावर आणि मामाचं डोकं खिडकीत. बाबा दचकून उठले, डोळे पुसले आणि निघाले. त्या सगळ्या रस्त्यात त्यांनी मला जितकं सांभाळून नेलं, तितकं मी नवी असतानाही नेलं नव्हतं.

घरी दारात मोठी उभी होती. बापमाणसाला माफी मागता येत नाही, हे मी इतक्या वर्षांत शिकलेय. "जेवलीस?" त्यांनी विचारलं.

"हो."

"काल बसमध्ये उभं राहावं लागलं ना तुला."

"चालतं."

त्यांनी किल्ली तिच्या हातावर ठेवली. "तुझ्याकडेच असू दे. लागली की मी मागून घेत जाईन. आणि मी मागितली आणि तुला वाटलं देऊ नये..." मान हलवून आत गेले.

मोठीने किल्ली मुठीत घट्ट धरली आणि रस्ता ओलांडून काजं करायला गेली.

यालाही आता बरीच वर्षं झाली. माझा रंग उडालाय, दारं करकरतात, दमट हवेत सुरू व्हायला कुरकुरते. मोठीला लायसन्स परत मिळालं, तेव्हा पहिल्या दिवशी स्टिअरिंग तिच्या घामाने ओलं झालं होतं. आता ती नीट चालवते. बॉनेटवरचा पोचा ठोकून काढू या, असं बाबा एकदा म्हणाले होते. तिने काढू दिला नाही. टेलरकाका अजून दुकानात बसतात, तिला अजून टोमणे मारतात, तिच्या लग्नाचे कपडे मीच शिवणार म्हणून सांगून ठेवलंय. पण माझ्यापाशी येत नाहीत. मी उभी असते, इंजिन बंद, आत कोणी नाही, तरी समोरून जाताना ते चार पावलं लांबून जातात. मी काय करू? मला बोलता येत असतं, तर म्हटलं असतं, 'काका, मला दिसला होतात तुम्ही.' पण त्याने त्यांचं काय भलं होणार?

आणि आता खारू शिकतेय! माझं नशीबच असं. मागच्या सुट्टीच्या दिवशी मोकळ्या मैदानावर नेलं मला. खारू चालवायला, मोठी शेजारी, बाबा मागे. क्लच असा सोडला, की आम्ही सगळे बेडकासारखे उड्या मारत निघालो. "हळू गं, हळू," मोठी म्हणत होती. कुठे तिसऱ्या फेरीला जरा लय लागली, आणि बाबांच्या खिशात फोन वाजला.

मी श्वास रोखला. मोठीने मागे पाहिलं नाही. खारूची मान अर्धी वळली, पुन्हा समोर गेली. आरशात मला बाबांचा हात दिसला. खिशापर्यंत गेला, तिथे थांबला, आणि मग बाबांनी दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले, शाळेतल्या मुलासारखे. फोन वाजत राहिला. आख्खं गाणं वाजून थांबला, पुन्हा वाजला, पुन्हा थांबला. खारूने मैदानाच्या कडेला, दिव्याच्या खांबाजवळ मला उभं केलं, हँडब्रेक ओढला, इंजिन बंद केलं.

"आता बघा, बाबा," ती म्हणाली.

बाबांनी चष्मा वर करून बघितलं. "गाडीच्या दुकानातून होता. जुनी गाडी द्या, नवी घ्या म्हणतायत."

"यासाठी मी तो खांब ठोकला असता!" खारू म्हणाली, आणि तिघंही हसायला लागले. मी हसले नाही. जुनी गाडी द्या म्हणे! मी इथेच आहे, ऐकतेय.

तर माझं गाऱ्हाणं एवढंच. फोन वाजला, कोणी उचलला नाही, आणि आभाळ कोसळलं नाही. तुम्हीही कोणाच्या तरी मुली असाल, कोणाचे तरी बाबा असाल, कोणाच्या तरी गाडीत बसला असाल. मला शिंगं नाहीत, लगाम नाही, स्वतःची अक्कलही नाही. जे आहे ते तुमच्या पायाखाली आहे, आणि ते व्यवस्थित चालतं. एकदा वेळेवर दाबून बघा.

चला, खारू पुन्हा बसलीये. क्लचवर पाय ठेवतेय. देवा, सांभाळ.